बागेतील गवत कापण्याचे यंत्र : निवड, खरेदी व निगा

गणेशोत्सव आटोपून पावसाचा जोर ओसरू लागला, म्हणजे कोकणातील आंबा व काजू बागायतदारांपुढे बेणणीचे काम हटकून उभे राहते. चार महिन्यांच्या पावसाने बागेत गवत कमरेइतके वाढलेले असते. ते वेळीच कापले नाही, तर झाडाच्या बुंध्यापर्यंत जाता येत नाही, फवारणीची नळी ओढता येत नाही, आणि माघ-फाल्गुनात हेच गवत वाळून एका ठिणगीसरशी पेट घेते. वणव्यात पंधरा-वीस वर्षांची कलमे एका दुपारी होरपळून गेल्याची उदाहरणे ज्या गावात नाहीत, असे गाव किनारपट्टीवर विरळाच.

पूर्वी हे काम कोयत्याने व विळ्याने होत असे. आता त्यासाठी माणसे मिळत नाहीत, आणि मिळालीच तर ती ऐन हंगामात भातकापणीकडे वळतात. त्यामुळे ज्यास सर्वजण ‘ग्रास कटर’ म्हणतात, ते यंत्र गेल्या काही वर्षांत घरोघर आले आहे. परंतु बागायतदारांच्या घरी जाणे-येणे असणाऱ्या कोणाही कार्यकर्त्यास विचारावे. पडवीच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेली यंत्रे त्याने किती पाहिली, हे तो सांगेल. त्यांपैकी फारच थोडी काम करून झिजलेली असतात. बहुतेक यंत्रे चुकीच्या निवडीमुळे अथवा दोन-चार रुपयांच्या निगेअभावी बंद पडलेली असतात. ज्या शेतकऱ्याच्या हाती पैसा मोजका आहे, त्याने ही गोष्ट खरेदीपूर्वीच ध्यानात घेणे इष्ट आहे.

प्रथम, कोणते यंत्र घेऊ नये ते पाहू. चाकांवर ढकलावयाचे हिरवळ कापण्याचे यंत्र दुकानात नीटनेटके दिसते व पुष्कळांस त्याचा मोह पडतो. या यंत्राचा उगम इंग्लंडमधील आहे. एडविन बडिंग नावाच्या कारागिराने 1830 साली त्याचे पेटंट घेतले. लोकरी कापडावरील लव कातरणाऱ्या गिरणीतील यंत्रावरून त्यास ही कल्पना सुचली होती. म्हणजे हे यंत्र मूळचे सपाट पृष्ठभागाचे. शाळेचे मैदान, ग्रामपंचायतीची बाग किंवा विश्रामगृहापुढील हिरवळ यांसाठी ते उत्तम होय. लहान जागेसाठी तर इंजिन नसलेले, हाताने ढकलण्याचे यंत्रही पुरते आणि त्यास इंधनाचा खर्च नाही. परंतु जांभ्या दगडाच्या कातळावर, बांधावर आणि उतारावर त्याची चाके अडतात व पाती पहिल्याच दिवशी बोथट होतात. बागेसाठी खांद्यास अडकवून चालविण्याचे यंत्रच हवे. त्याच्या टोकास लावतात त्या नायलॉन दोरीचा जन्म बराच अलीकडचा आहे. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी जॉर्ज बॅलास यांनी 1971 साली मोटारी धुण्याच्या केंद्रातील फिरते ब्रश पाहिले आणि पत्र्याच्या डब्यास मासे धरण्याची दोरी बांधून पहिला प्रयोग केला.

खांद्यावरील यंत्रांतही दोन-तीन प्रकार आहेत. दोन-स्ट्रोक इंजिन हलके व स्वस्त असते; त्यात पेट्रोलमध्ये तेल मिसळूनच घालावे लागते. चार-स्ट्रोक इंजिन महाग, परंतु इंधन कमी खाते, धूर व आवाज कमी करते, आणि त्यातील तेल मोटारसायकलप्रमाणे वेगळे असते. घरात यंत्र चालविणारे हात अनेक असतील आणि मिश्रणाचा हिशेब कोण ठेवील याची खात्री नसेल, तर थोडे अधिक पैसे देऊन चार-स्ट्रोक घेणे अंती स्वस्त पडते, असे माझे स्पष्ट मत आहे. सपाट बागेत बाजूस अडकविण्याचे, सरळ दांडीचे यंत्र सोयीचे. डोंगरउतारावर व मजग्यांवर पाठीवर घेण्याचे यंत्र बरे पडते. मात्र त्याची लवचिक वायर अधिक वेळा ग्रीस मागते आणि संकटसमयी ते झटकन अंगावेगळे करता येत नाही. विजेवर भारलेल्या बॅटरीची यंत्रे घराभोवतालच्या परड्यासाठी चांगली. वस्तीपासून दूर असलेल्या बागेत बॅटरी संपली की काम थांबते.

यंत्र विकत घ्यावे की भाड्याने आणावे, हा खरा प्रश्न आहे आणि पुष्कळ शेतकरी तो स्वतःस विचारीतच नाहीत. समजुतीसाठी काही आकडे घेऊ. प्रत्येकाने त्यांच्या जागी आपल्या गावचे आकडे घालावेत. समजा, यंत्राची किंमत 12,000 रुपये आहे व ते पाच वर्षे चालेल. म्हणजे वर्षास 2,400 रुपये झाले. दोरी, पाते व दुरुस्ती यांसाठी 2,000 रुपये धरले, तर यंत्र हालले नाही तरी वर्षाकाठी 4,400 रुपये त्याच्यावर पडले. आता यंत्रासह येणारा माणूस इंधन धरून दिवसास 1,200 रुपये घेतो असे समजू. स्वतःच्या यंत्रास दिवसाचे इंधन व तेल 400 रुपयांचे आणि चालविणाऱ्याची मजुरी 500 रुपये लागत असेल, तर दिवसामागे बचत केवळ 300 रुपयांची होते. या हिशेबाने वर्षाला निदान 15 दिवस काम असल्याशिवाय यंत्र परवडत नाही. शेतकरी स्वतःच यंत्र चालवीत असेल आणि आपली मजुरी धरीत नसेल, तर सहा दिवसांचे कामही पुरे. दीड-दोन एकरांच्या धन्याने म्हणून एकट्याने यंत्र घेण्याऐवजी तीन-चार शेजाऱ्यांनी किंवा बचत गटाने मिळून घ्यावे. सामायिक यंत्राची निगा मात्र एकाच माणसाकडे सोपवावी. ‘सर्वांचे ते कोणाचेच नाही’ ही गत यंत्राची फार लवकर होते.

खरेदीस जाताना किमतीची चिठ्ठी पाहण्याआधी दुकानदारास तीन वस्तू मागाव्यात : सुरू करण्याची दोरी व तिची स्प्रिंग, इंधनाची नळी, आणि कार्बोरेटरचा पडदा. या तीन वस्तू तालुक्याच्या गावी मिळत नसतील, तर यंत्र कितीही स्वस्त असो, घेऊ नये. दूरवरून मागविलेले दोन हजारांनी स्वस्त यंत्र ऐन आश्विनात एका नळीसाठी पंधरा दिवस पडून राहते, आणि तोवर गवत बी टाकून मोकळे होते. शासकीय अनुदानाचा लाभ घ्यावयाचा असेल, तर महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करून पूर्वसंमती मिळाल्यानंतरच खरेदी करावी. आधी यंत्र घेऊन मागाहून अर्ज करणारा पात्र असूनही अनुदानास मुकतो. दरवर्षी असे शेतकरी कार्यालयात येतात आणि त्यांस परत पाठविताना आम्हांसही वाईट वाटते. करासहित पक्के बिल अवश्य घ्यावे.

जुने यंत्र घेणे वाईट नाही. परंतु ते थंड असताना पाहावे. आपण पोहोचण्यापूर्वीच इंजिन गरम असेल, तर विकणाऱ्याने ते एकदा खटपटीने सुरू करून ठेवले आहे असे समजावे व उद्या पुन्हा यावे. दोरी सावकाश ओढली असता हातास भरदार अडथळा जाणवला पाहिजे. प्लग काढून पाहावा : त्याचे टोक विटकरी-तपकिरी असेल तर इंजिन निरोगी, काळे व ओले असेल तर तेल अधिक किंवा गाळणी तुंबलेली, पांढरे पडले असेल तर इंजिन तापत आहे. इंजिन बंद असताना पाते हाताने वरखाली हालवून पाहावे. खुळखुळ वाटल्यास गिअरचे बेअरिंग गेले आहे.

आता निगेविषयी. येथे माझीच एक चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षी प्रात्यक्षिकासाठी एक नवे दोन-स्ट्रोक यंत्र आणले होते. शेडमध्ये दोन सारखेच पांढरे डबे होते. एकात मिश्रण, दुसऱ्यात पंपाचे साधे पेट्रोल. डब्यांवर खूण करण्याचे माझ्या हातून राहिले आणि मदतनिसाने साधे पेट्रोल टाकीत ओतले. यंत्र पूर्वीपेक्षा जोमाने चालू लागले, म्हणून सर्वांस बरे वाटले. वीस मिनिटांत एक कर्कश आवाज होऊन ते बंद पडले व पुन्हा दोरी ओढली जाईना. दट्ट्या सिलिंडरमध्ये धरला होता. तेथे जमलेल्या बागायतदारांपैकी एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “साहेब, आज तुम्ही यंत्र कसे मरते ते दाखवलेत. कसे जगते ते पुढच्या खेपेस दाखवा.” दुरुस्तीस यंत्राच्या निम्म्या किमतीएवढा खर्च आला. तेव्हापासून मिश्रणाचा डबा मी लाल रंगवून घेतो.

मिश्रणाचे प्रमाण यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत दिलेले असते, तेच पाळावे. 25 भाग पेट्रोलास 1 भाग तेल असे लिहिले असेल, तर लिटरला 40 मिलिलिटर तेल. 50 भागांस 1 असेल, तर 20 मिलिलिटर. औषधाच्या बाटलीचे मोजण्याचे झाकण यासाठी फार उपयोगी पडते. अंदाजाने ‘एक धार’ सोडू नये. तेल टू-टी म्हणून मिळते तेच वापरावे, गाडीतून काढलेले जळके तेल कदापि नव्हे. चार-स्ट्रोक यंत्रात तेल फार थोडे, लहान इंजिनात सुमारे 100 मिलिलिटरच मावते, म्हणून ते रोज सकाळी पाहावे; पहिल्या 10 तासांनंतर व पुढे दर 50 तासांनी बदलावे.

हवेची गाळणी रोज संध्याकाळी काढून झटकावी. स्पंजाची असल्यास साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, तेलाचे दोन-चार थेंब चोळून बसवावी. गिअरच्या डब्यात वीस-पंचवीस तासांच्या कामानंतर ग्रीस भरावे. त्यासाठी असलेला छोटा स्क्रू पुष्कळांस ठाऊकच नसतो. प्लगमधील फट 0.6 ते 0.7 मिलिमीटर ठेवावी. पाते बसविणाऱ्या नटाचे आटे बहुतेक यंत्रांत उलटे असतात. तो सोडविण्यासाठी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा लागतो. हे न कळल्यामुळे जोर करून नट तोडणारे अनेक आहेत.

कोवळ्या गवतास नायलॉन दोरी, जून व काडीच्या गवतास तीन दातांचे पाते, आणि घाणेरी-रानमोडीसारख्या झुडुपांस गोल दातेरी पाते लावावे. दोरी वापरण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून ठेवली, तर ती नरम राहते व कमी तुटते. परंतु ही दोरी कोवळ्या कलमाची साल क्षणात सोलते, आणि सभोवार साल गेलेले कलम वाळते. म्हणून कलमाभोवती हातभर जागा आधी विळ्याने साफ करून घ्यावी. गवत जमिनीपासून तीन-चार बोटे वर कापावे. मुळे राहिली तर उतारावरील माती धरून राहते आणि पातेही दगडावर आपटत नाही. कापलेले गवत आळ्यात पसरावे, पण बुंध्यास टेकवू नये.

यंत्राचा धोका लहान समजू नये. जांभ्याचा खडा पात्यास लागून गोळीसारखा उडतो आणि डोळा जातो. डोळ्यांवर जाळी किंवा चष्मा, पायांत गुडघ्यापर्यंत बूट, कानांत बोळे, ही साधने दुकानदार ‘ऐच्छिक’ म्हणून दाखवितो. खरे तर यंत्राच्या किमतीतच ती धरावयास हवीत. कातळावर फुरशाचा वावर असतो, हे बुटांचे दुसरे कारण. चालविणाऱ्यापासून पन्नास फुटांच्या आत कोणी, विशेषतः मुले, येऊ नयेत. कापणी उजवीकडून डावीकडे करावी, म्हणजे गवत कापलेल्या बाजूस पडते. पात्याचा पुढचा उजवा भाग खुंटास लागला तर यंत्र जोराने उसळते. त्या बाजूने झुडूप कापू नये. लोखंडी संरक्षक पत्रा काढून टाकण्याची खोड पुष्कळांस आहे, ती सोडावी. इंधन भरताना इंजिन थंड होऊ द्यावे व विडी दूर ठेवावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी श्रावणातच, काम सुरू होण्यापूर्वी, वाडीवर अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम ठेवावा. यंत्र चालवून दाखविण्याची तेथे गरज नाही. मिश्रण मोजणे, गाळणी धुणे आणि नट सोडविणे ही तीन कामे शेतकऱ्यांकडून त्यांच्याच हातांनी करवून घ्यावीत. घरातील स्त्रियांनाही बोलवावे. यंत्र ठेवण्या-काढण्याचे काम बहुधा त्यांच्याकडेच असते.

हंगाम संपल्यावर टाकीत इंधन ठेवून यंत्र टांगणे ही सर्वांत मोठी चूक होय. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील ओल शोषून घेते, आणि कोकणच्या दमट हवेत तर लवकरच. मग कार्बोरेटरमध्ये चिकट थर बसतो व पडदा ताठरतो. म्हणून टाकी रिकामी करावी, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, प्लग काढून भोकात तेलाचा एक लहान चमचा सोडावा, दोरी दोन-तीनदा हळू ओढावी व प्लग परत लावावा. पाते पुसून त्यास तेलाचा हात द्यावा. यंत्र भिंतीस उंच टांगावे, कारण रबरी नळी उंदरांना फार आवडते.