‘वेगळे’ कोणासाठी?



गेल्या पावसाळ्यात सातपुड्यातल्या एका वसतिगृहात मुलांची सिकलसेलची तपासणी झाली. आजार निघालेल्या मुलांना वेगळे काढा, अशी चिठ्ठी मीच लिहून दिली होती. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी चुकू नये, पाणी भरपूर मिळावे, एवढाच हेतू. पंधरा दिवसांनी गेलो तर ती मुले जेवायला भिंतीकडे बसलेली, ताटेही निराळी. स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, “भाऊ, तुम्हीच लिहिलं होतं ना, वेगळं काढा म्हणून?”

सिकलसेल ताटावरून पसरत नाही. तो आईवडिलांकडून येतो. प्रत्येकाच्या जनुकांची जोडी असते. मूल होताना ती विलग होऊन दोघांकडून एकेकच जनुक बाळाला मिळते. आईवडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. मेंडेलच्या या नियमाला इंग्रजीत सेग्रिगेशनचाच नियम म्हणतात.

ओला-सुका कचरा निराळा करणे हेही सेग्रिगेशन. अमेरिकेत गोऱ्या-काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवत, तेही तेच. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली ते घटनाबाह्य ठरवले. आपल्याकडे निर्धन कुष्ठरोग्यांना वेगळे ठेवण्याचा १८९८ चा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले!

शब्दाचे मूळ लॅटिन. ‘ग्रेक्स’ म्हणजे कळप. कळपातून बाजूला काढणे हा त्याचा अर्थ. मेंढपाळ लंगडे कोकरूही बाजूला काढतो, पण ते खांद्यावर घ्यायला. लॅटिन बायबलात हे क्रियापद दोन ठिकाणी पाहण्यासारखे आहे. रोमकरांस पत्राच्या आरंभी पौल स्वतःला सुवार्तेसाठी वेगळा केलेला म्हणवतो. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पेत्र अंत्युखियास परराष्ट्रीयांबरोबर जेवत असतो, आणि याकोबाकडची माणसे येताच भिऊन वेगळा होतो. पौलाने त्याला तोंडावर अडवले. धर्मशास्त्राच्या डिप्लोमाला दोन्ही उतारे मी पाठ केले होते. तो वाद जेवणाच्या पंक्तीवरून होता, हे मला त्या भिंतीपाशी उमगले.

जुनी चिठ्ठी फाडली. नवीत लिहिले: गोळ्यांची यादी कपाटात ठेवावी, ताटे सर्वांची एकत्र मांडावीत. त्या दिवशी मी आणि मावशी त्याच मुलांमध्ये बसून जेवलो. बहुतेक मुले आता पंक्तीत मिसळली आहेत. सहावीतली एक मुलगी मात्र अजून आपले ताट उचलून भिंतीकडे जाते.