आजोबांचा चाकू भंगारात घालण्याआधी पात्याच्या बुडावरचा शिक्का वाचा

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची लोखंडी पेटी खाली उतरली, की तिच्यातून हमखास एखादा जुना घडीचा चाकू निघतो. पातं गंजलेलं, मूठ काळी पडलेली, उघडता उघडत नाही. पुढं त्याचं काय होणार हे ठरलेलंच असतं. एकतर तो भंगारवाल्याच्या काट्यावर जातो, नाहीतर घरातला एखादा उत्साही पोरगा त्याला ग्राइंडरला लावून चकाचक करतो. यातलं दुसरं जास्त वाईट. चाकू घरात राहतो, पण त्याचा जन्मदाखला पुसला जातो.

हा जन्मदाखला म्हणजे पात्याच्या बुडावर ठोकलेला बारीक शिक्का. पातं जिथं मुठीत शिरतं, तिथं धार नसलेला बोटाच्या पेराएवढा सपाट भाग असतो. कारखान्याचं नाव, गाव, देश, एखादी खूण, कधी कधी चक्क साल, हे सगळं तिथं असतं. अक्षरं इंग्रजी आणि तांदळाच्या दाण्यापेक्षा बारीक असतात, म्हणून आजवर कोणाचं लक्ष गेलं नाही एवढंच.

वाचायची युक्ती सोपी आहे. चाकू घट्ट झाला असेल तर सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडून रात्रभर ठेवावा. पक्कड लावून ओढू नये, जुनी पाती तुटतात. उघडल्यावर बुडाचा भाग मऊ फडक्याने पुसून त्यावर खडूची भुकटी किंवा गव्हाचं पीठ बोटाने चोळावं. अक्षरांच्या खाचेत पांढरं बसतं. मग अंधाऱ्या खोलीत बॅटरीचा उजेड आडवा मारून मोबाईलने फोटो काढावा आणि तो मोठा करून बघावा. डोळ्यांना न दिसणारं बरंच काही त्यात दिसतं.

आपल्याकडच्या पेट्यांत निघणाऱ्या जुन्या विलायती चाकूंवर बहुतेक वेळा एक नाव असतं, शेफील्ड. इंग्लंडच्या यॉर्कशायर भागातलं हे गाव शेकडो वर्षं चाकू-सुऱ्या, कात्र्या आणि वस्तऱ्यांसाठी जगभर गाजलं. तिथल्या चाकू कारागिरांची संघटना 1624 साली तिथल्या संसदेच्या कायद्याने उभी राहिली. प्रत्येक उस्तादाने आपली खूण तिच्याकडे नोंदवायची आणि दुसऱ्याने ती मारायची नाही, असा नियम होता. आपल्याकडे बैलाला डाग देतात तसंच काहीसं. कोणाचा माल हे लांबून कळावं आणि खोटं करणारा सापडावा.

या खुणांपैकी दोन ओळखून ठेवण्यासारख्या आहेत. जोसेफ रॉजर्स अँड सन्सची खूण म्हणजे एक चांदणी आणि शेजारी चार टोकं रुंद झालेला क्रॉस. दुसरी जॉर्ज वोस्टनहोमची, आय, मग चांदणी, मग एक्स एल. इंग्रजीत ही अक्षरं पाठोपाठ म्हटली की 'मी सरस आहे' असा अर्थ निघतो. ही खूण 1787 साली नोंदली गेली आणि पुढं वोस्टनहोमच्या हाती आली.

इथंच लोक फसतात. खूण 1787 ची म्हणून चाकूही 1787 चा, असं विकणारा सांगतो आणि घेणारा मानतो. खूण म्हणजे आडनाव. आडनाव दोनशे वर्षांचं असलं तरी माणूस कालचा असू शकतो. रॉजर्स आणि वोस्टनहोम ही दोन घराणी 1971 मध्ये एकत्र आली आणि त्या नावांचे चाकू त्यानंतरही निघत राहिले. म्हणून कारखाना नावावरून ओळखावा आणि काळ शोधायला आजूबाजूची अक्षरं बघावीत.

देशाचं नाव आहे का?

सगळ्यात उपयोगी पुरावा इथं मिळतो. अमेरिकेने 1890 मध्ये आयात मालाचा नवा कायदा केला. बाहेरून येणाऱ्या मालावर तो कोणत्या देशाचा हे इंग्रजीत लिहिलेलंच पाहिजे, असं त्यात होतं आणि 1891 पासून ते लागू झालं. शेफील्डचा मोठा ग्राहक अमेरिका, त्यामुळे कारखान्यांनी ठसेच बदलून घेतले. म्हणून नुसतं 'शेफील्ड' असेल तर चाकू 1891 च्या आधीचा असण्याची शक्यता धरता येते. 'शेफील्ड, इंग्लंड' असेल तर बहुधा नंतरचा. 'मेड इन इंग्लंड' असं पूर्ण वाक्य असेल तर तो बहुतेक विसाव्या शतकातला.

हिंदुस्थानातही 1889 साली व्यापारी खुणांचा कायदा आला होता. त्याआधी इंग्लंडमध्ये 1887 चा. कारण असं की जर्मनीत बनलेल्या स्वस्त चाकूंवर शेफील्डचं नाव मारून ते जगभर विकले जात, अशी तिथल्या कारागिरांची ओरड होती. गंमत म्हणजे ज्या जर्मनीवर हा ठपका होता, तिथल्या झोलिंगन गावाचा माल पुढं इतका नावाजला, की 1938 मध्ये त्या गावाच्या नावालाच कायद्याचं संरक्षण द्यावं लागलं. जर्मन चाकूवर 'वेस्ट जर्मनी' लिहिलेलं दिसलं तर फार डोकं लावायला नको. तो देश 1949 ला झाला आणि 1990 ला उरला नाही, चाकू त्या मधलाच.

राजाची अक्षरं

रॉजर्ससारख्या राजघराण्याला माल पुरवणाऱ्या कारखान्यांच्या पात्यावर दोन अक्षरं आणि मध्ये मुकुट असतो. व्ही आर म्हणजे राणी व्हिक्टोरिया, 1837 ते 1901. ई आर म्हणजे सातवा एडवर्ड, 1901 ते 1910. जी आर दिसलं की मात्र घोटाळा होतो, कारण जॉर्ज नावाचे राजे बरेच झाले. चौथा जॉर्ज 1830 ला वारला, पाचवा 1910 ला गादीवर आला. मग काय करायचं? पुन्हा देशाचं नाव बघायचं. जी आर आणि सोबत 'इंग्लंड' असेल तर तो पाचव्या जॉर्जच्या काळातला किंवा त्यानंतरचा धरावा. एकाच खुणेवर कधी निकाल देऊ नये. सातबारा बघताना फेरफारही बघतात, तसं इथं दोन-तीन पुरावे जुळले पाहिजेत.

तिसरा पुरावा पोलादाचा. न गंजणारं पोलाद शेफील्डच्याच हॅरी ब्रिअर्ली यांनी 1913 मध्ये तयार केलं. पात्यावर 'स्टेनलेस' लिहिलेलं असेल आणि कोणी तो शिवाजी महाराजांच्या काळातला म्हणून दाखवत असेल, तर हसून चहा पाजावा आणि परत पाठवावं.

बाणाचा शिक्का असेल तर आधी घरच्यांना विचारा

सातारा, रत्नागिरी, रायगड, कोल्हापूर या भागांतून दोन्ही महायुद्धांत हजारो जवान गेले. काहींच्या पेटीत लष्करी चाकू परत आला. तो ओळखायला सोपा आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या चाकूची मूठ काळी, चौकड्यांची नक्षी असलेली, हातात न सरकणारी. एक रुंद पातं, डबा फोडायचं दुसरं पातं, कधी दोरीची गाठ सोडवायचा जाड टोच्या आणि एका टोकाला दोरी ओवायची कडी. पात्याच्या बुडावर किंवा डबा फोडायच्या पात्यावर कारखान्याचं नाव, सरळ आकड्यात साल आणि एक बाण असतो. तीन रेघा वर एका टोकाला मिळालेल्या, चिखलात उमटलेल्या कोंबडीच्या पायासारखा हा बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालाची खूण. बाणासोबत इंग्रजी आय अक्षर असेल तर तो हिंदुस्थानच्या लष्कराचा माल. इंग्रजी सी अक्षराच्या पोटात बाण असेल तर कॅनडाचा.

इथं साल शोधत बसावं लागत नाही, पण त्याचा अर्थ नीट घ्यावा लागतो. 1942 हे चाकू बनल्याचं साल, आजोबांना मिळाल्याचं नव्हे. गोदामात पडून तो दोन वर्षांनी हातात आला असेल. शिवाय युद्धानंतर शिल्लक राहिलेला बराच लष्करी माल लिलावात विकला गेला, तेव्हा बाजारातून घेतलेलाही असू शकतो. पण घरात आजोबांचं सेवापुस्तक, पदक किंवा पेन्शनचा कागद असेल, तर चाकूचं साल आणि पलटणीचा प्रवास ताडून बघता येतो. मराठा लाईट इन्फंट्रीचे जवान 1941 मध्ये आफ्रिकेत केरेनला लढले. त्यानंतर इटलीत. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे यांना 1944 च्या इटलीतल्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या पलटणीचं केंद्र बेळगावला आहे आणि चौकशीची सुरुवात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातूनही करता येते. अशा चाकूला बाजारात किती मिळतील हा प्रश्न शेवटी विचारावा. म्हातारी माणसं आहेत तोवर तो कोणाचा, कुठून आला, हे लिहून ठेवणं जास्त घाईचं आहे.

परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेल्या चाकूंचं थोडक्यात. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सचा कारखाना 1884 चा, पण हे नाव 1921 नंतरचं. मालकाच्या आईचं नाव व्हिक्टोरिया, त्याला न गंजणाऱ्या पोलादाचा 'इनॉक्स' जोडला. अमेरिकेच्या केस कंपनीची पद्धत सगळ्यात सरळ. 1970 मध्ये शिक्क्याखाली दहा ठिपके मारले आणि दरवर्षी एक कमी करत गेले. सात ठिपके म्हणजे 1973. मात्र 1980 ला पुन्हा दहापासून सुरुवात झाली. तेव्हा अक्षरांची घडण बदलली होती, त्यावरून ती दोन दशकं वेगळी काढतात.

खोटा शिक्का कसा ओळखायचा? खरा शिक्का पातं घडवतानाच ठोकलेला असतो, त्यामुळे पात्याबरोबर तोही झिजतो. आजूबाजूला गंजाचे खड्डे आणि अक्षरं मात्र कोरी करकरीत असतील तर संशय घ्यावा. स्पेलिंगही बघावं. रॉजर्सच्या नावात इंग्रजी डी आहे. तो गाळून नाव मारलेला माल वेगळ्याच कोणाचा असतो. जुनं पातं आणि नवी मूठ असा जोडकामाचा मालही भरपूर फिरतो. मुठीचे रिपिट नवे, चमकणारे दिसले की समजावं.

साफ करताना पॉलिश पेपर, कानस, ग्राइंडर, चिंच, लिंबू यातलं काहीही लावू नये. तेलाचं फडकं आणि खाचेतला मळ काढायला लाकडी काडी पुरे. जुना काळपट रंग म्हणजे घाण नव्हे, जाणकार ग्राहक तोच बघतो. धार लावणाऱ्याकडे तर अजिबात देऊ नये, पातं झिजलं की किंमत गेली.

विकायचं ठरलं तर मूठ कशाची आहे ते आधी बघावं. शेफील्डचे कारखाने हस्तिदंत वापरत आणि हिंदुस्थानातून सांबराचं शिंगही नेत. आज हस्तिदंत आणि सांबरशिंग या दोन्हींच्या खरेदी-विक्रीला आपल्याकडे बंदी आहे. अशी मूठ वाटली तर फोटो टाकून गिऱ्हाईक शोधण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात विचारावं. हाड, लाकूड किंवा म्हशीच्या शिंगाची मूठ असेल तर ही अडचण नाही.

'जुना चाकू द्या, लाखो मिळवा' असे व्हिडिओ सध्या फिरतात. जुन्या नाण्या-नोटांच्या नावाने चाललेल्या अशाच फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये इशारा दिला होता. घेणारा पैसे देतो, मागत नाही. नोंदणी फी, कर किंवा कुरिअरचं भाडं आधी पाठवा असं कोणी म्हटलं, ओटीपी मागितला, की फोन ठेवावा. पैसे गेलेच तर 1930 या सायबर हेल्पलाइनला लगेच कळवावं.

शस्त्र कायद्याची भीती बऱ्याच जणांना वाटते. नियमांत परवान्याच्या यादीत येतात ती 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पाती, आणि त्यातूनही घरकामाची, शेतीची हत्यारं वगळलेली आहेत. खिशातला घडीचा चाकू त्या मापात सहसा बसत नाही. तरी तो घेऊन जत्रेत, मिरवणुकीत फिरू नये, आणि विमानाने जाताना हातातल्या पिशवीत तर ठेवूच नये, तिथं तो काढून घेतात.