मेंदूची मोजणी आणि यंत्रांचा पासंग

धान्य तोलण्यापूर्वी सचोटीचा वाणी तराजूचा पासंग पाहतो. रिकामी पारडीच समपातळीत नसतील, तर फरक धान्याचा की तराजूचा, हे कळत नाही. मेंदूच्या चुंबकीय प्रतिमांचेही तसेच आहे. एखाद्या यंत्राच्या चुंबकाची शक्ती १.५ टेस्ला, तर दुसऱ्याची ३, निर्मातेही निरनिराळे. त्यामुळे एकाच मेंदूचे माप दोन यंत्रांवर थोडे वेगळे येते. अल्झायमरच्या विकारात स्मृतीशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग झिजत जातो; परंतु वर्षभरातील ही झीज इतकी अल्प असते की, यंत्र बदलल्याने पडणारा फरक तिला झाकू शकतो.

यावर उपाय दोन. पहिला मोजणीपूर्वीचा. अमेरिका व कॅनडा येथे २००४ साली सुरू झालेल्या अल्झायमरविषयक प्रकल्पाने सर्व केंद्रांना एकच कार्यपद्धती घालून दिली आणि ज्ञात मापाचे गोल असलेला कृत्रिम नमुना यंत्रांत ठेवून त्यांची पारख केली. दुसरा उपाय गणिती. जनुकांच्या मोजणीसाठी २००७ मध्ये निघालेली ‘कॉम्बॅट’ पद्धती २०१७ मध्ये मेंदूच्या प्रतिमांना लावण्यात आली. वय, लिंग व रोग यांचा परिणाम राखून ती निरनिराळ्या यंत्रांवरील मापांची सरासरी व विचलन एका पातळीवर आणते.

मात्र सारे रुग्ण एका यंत्रावर व सारे निरोगी दुसऱ्यावर तपासले असतील, तर रोग कोणता आणि यंत्रदोष कोणता, हे कोणतेही गणित सांगू शकत नाही. यास्तव दोन्ही गट प्रत्येक यंत्रावर विभागणे अगत्याचे. तराजूची पारख तोलण्यापूर्वीच झालेली बरी.