रस्त्यावरच्या रेघांची लिपी

बंगळुरू शहराच्या आग्नेय अंगाला कोरमंगलच्या कडेपासून निघून अगरा, इब्लूर, कैकोंड्रहळ्ळी, दोड्डकन्नेल्ली, दोम्मसंद्र अशी गावे आणि वस्त्या ओलांडीत आनेकल तालुक्यातील सर्जापूर या जुन्या गावापर्यंत जाणारा रस्ता सर्जापूर रोड या नावाने ओळखला जातो. तीस-चाळीस वर्षांपूर्वी शेते, तळी आणि नारळीच्या बागा यांच्यामधून जाणारा हा मार्ग आज संगणक-व्यवसायातील मोठमोठ्या कचेऱ्या आणि उत्तुंग निवासी इमारती यांच्या गर्दीत सापडला आहे. शहाजीराजांच्या जहागिरीपासून मराठी माणूस बंगळुरूला परका नाही. पण पुण्याहून, कोल्हापुराहून किंवा नागपुराहून नोकरीसाठी इकडे आलेला आजचा तरुण बहुधा एकटा येतो, वर्षा-दोन वर्षांत पहिली मोटार घेतो, आणि रविवारच्या पहाटे, रस्ता मोकळा असताना, ती चालवावयास शिकतो. सोमवारी सकाळी नऊ वाजता तोच रस्ता त्याला ओळखू येत नाही.

अशा नवख्या चालकाची पहिली अडचण भाषेची, असे सकृद्दर्शनी वाटते. कडेच्या पाट्या कन्नडमध्ये असतात. ‘निल्लिसि’ म्हणजे थांबा, ‘निधानवागि चलिसि’ म्हणजे सावकाश चला, ‘मुंदे शाले इदे’ म्हणजे पुढे शाळा आहे, ‘एडक्के’ म्हणजे डावीकडे आणि ‘बलक्के’ म्हणजे उजवीकडे. हे चार-सहा शब्द आठवड्याभरात अंगवळणी पडतात. ‘उब्बु’ हा शब्द तर गतिरोधकावरून एकदा गाडी आदळली की कायमचा लक्षात राहतो. खरी अडचण निराळीच आहे. ज्या लिपीला कोणतीही भाषा लागत नाही, जी सर्जापूरला आणि सोलापूरला सारखीच वाचावयाची असते, ती रस्त्यावरच्या रेघांची आणि दिव्यांची लिपीच बहुतेकांना वाचता येत नाही. परवान्याच्या परीक्षेपुरती ती पाठ केली जाते आणि परवाना हाती पडताच विसरली जाते.

या लिपीच्या भारतीय इतिहासात एका मराठी माणसाचे नाव आरंभीच येते, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. मोटारींची संख्या वाढू लागल्यावर देशातील रस्त्यांचा विचार करण्यासाठी 1927 साली जी समिती नेमण्यात आली, तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. हेच पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीने 1928 मध्ये अहवाल दिला, त्यातून मध्यवर्ती रस्ते-निधी निघाला, आणि तिच्याच शिफारशीला अनुसरून 1934 च्या डिसेंबरात ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ ही रस्तेबांधणीतील अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. रस्त्यावर कोणती रेघ कोठे, किती रुंद आणि कोणत्या रंगाची ओढावी याची संहिता हीच संस्था तयार करते. त्यामुळे दोम्मसंद्रजवळ भर उन्हात रेघा मारणारा कामगार आणि सांगलीजवळ तेच काम करणारा कामगार एकाच पुस्तकाबरहुकूम काम करीत असतो; निदान तशी अपेक्षा असते.

रस्त्याच्या मधोमध रेघ ओढण्याची कल्पना अमेरिकेतील मिशिगन राज्यात 1911 साली एडवर्ड हाइन्स या अधिकाऱ्याने प्रथम अमलात आणली, असे म्हणतात. दुधाच्या गळक्या गाडीने रस्त्यावर सोडलेला पांढरा ओघळ पाहून त्याला ती सुचली, अशीही आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, तिचे मर्म मोठे आहे. एक इंच जाडीचीही भिंत न बांधता ती रेघ समोरासमोर येणाऱ्या वाहनांना एकमेकांपासून दूर ठेवते, आणि तिचे सारे बळ दोन्ही बाजूंच्या चालकांनी तिला मान देण्यात असते.

या रेघांचे व्याकरण सोपे आहे. तुटक रेघ परवानगी देते. पुढचा रस्ता मोकळा दिसत असेल तर ती ओलांडून पुढच्या गाडीला मागे टाकता येते. अखंड रेघ निषेध करते. दोन रेघा शेजारी शेजारी असून एक तुटक आणि दुसरी अखंड असेल, तर चालकाने आपल्या बाजूच्या रेघेचे ऐकावे. तुटक रेघेचे तुकडे लांब आणि मधल्या मोकळ्या जागा आखूड होऊ लागल्या, की पुढे वळण किंवा चढ आहे आणि थोड्याच अंतरावर रेघ अखंड होणार आहे, असे समजावे. ही सूचना इतकी हळुवार असते की अनुभवी चालकही पुष्कळदा ती नजरेआड करतात. रेघ ओढताना अभियंत्याने पुढचा रस्ता किती अंतरापर्यंत दिसतो हे मोजलेले असते. म्हणून वळणावरील अखंड रेघेला अधिकाऱ्याचा हुकूम न मानता, जो तो रस्ता आधी पाहून आला आहे अशा माणसाचा निरोप मानले, तर ती पाळणे जड जात नाही.

चौक जवळ आला की रस्त्यावर बाण दिसू लागतात. काठावर उभे राहून पाहिले तर हे बाण विचित्र ताणलेले, बारीक मानेचे वाटतात. रस्त्यावर लिहिलेली अक्षरेही तशीच लांबुडकी असतात. चालकाची दृष्टी जमिनीपासून फार उंच नसते आणि तो अक्षराकडे तिरकस पाहतो, त्यामुळे जमिनीवरील आकृती त्याला दबलेली दिसते. ताणून काढलेली आकृतीच त्याच्या डोळ्यांना प्रमाणबद्ध भासते. या बाणांचा अर्थ मात्र वळणाच्या क्षणी वाचण्याचा नसून त्याच्या बराच आधी वाचण्याचा असतो. इब्लूरला, जेथे हा रस्ता शहराच्या बाह्य वळणरस्त्याला भेटतो, तेथे रोज दिसणारा अर्धा गोंधळ बाण उशिरा वाचल्याचा आहे. सरळ जाणाऱ्या रांगेत उभ्या राहिलेल्या चालकाला ऐन वेळी आठवते की आपल्याला डावीकडे वळावयाचे आहे, आणि मग तो तीन रांगांना आडवा होतो. चुकीच्या रांगेत सापडलेल्याने सरळ निघून जावे व पुढे संधी मिळेल तेथून वळून यावे. यात दहा मिनिटे जातात हे खरे. पण ती त्याची स्वतःची दहा मिनिटे असतात.

चौकाच्या तोंडाशी आडवी पांढरी जाड रेघ ही थांबण्याची मर्यादा, आणि तिच्या पुढचे काळे-पांढरे पट्टे ही पायी चालणाराची वाट. हे पट्टे ब्रिटनमध्ये 1951 साली अधिकृतपणे वापरात आले आणि झेब्र्याचे नाव घेऊन जगभर पसरले. गाडीची पुढची चाके पट्ट्यांवर आणून उभी करणारा चालक आपण केवळ चार फूट पुढे आलो असे समजतो. पण त्या चार फुटांमुळे मुलाचा हात धरून रस्ता ओलांडणाऱ्या बाईला चालत्या वाहनांच्या बाजूला सरकावे लागते. काही चौकांत पिवळ्या तिरकस रेघांची जाळी काढलेली असते. हिरवा दिवा असला तरी, पलीकडे आपली गाडी मावेल एवढी जागा दिसल्याखेरीज त्या जाळीत शिरावयाचे नसते. सबंध नियमावलीत याच्याइतका शहाणा नियम क्वचित सापडेल, आणि इतका कमी पाळला जाणाराही.

कडेच्या चिन्हांविषयी फार सांगावयास नको. लाल कडेचे वर्तुळ मनाई करते, निळे वर्तुळ आज्ञा करते, त्रिकोण सावध करतो आणि आयत माहिती देतो. ‘थांबा’ हे चिन्ह तेवढे अष्टकोनी आणि ‘वाट द्या’ हे उलट्या त्रिकोणाचे ठेवले आहे, ते अशासाठी की धूळ बसली किंवा चिन्हाची पाठच दिसत असली तरी नुसत्या आकारावरून ते ओळखता यावे.

दिव्यांची कथा अधिक रंजक आहे. लंडनमध्ये पार्लमेंटजवळ 1868 च्या डिसेंबरात वायूवर जळणारा लाल-हिरवा दिवा उभारण्यात आला. रेल्वेच्या खुणांवरून घेतलेली ती युक्ती होती. महिन्याभरातच त्याचा स्फोट होऊन तो चालविणारा पोलीस भाजला आणि प्रयोग थांबला. विजेचे दिवे 1914 मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँडला आले, आणि लाल-हिरव्याच्या मध्ये पिवळ्याची भर डेट्रॉइट येथे 1920 च्या सुमारास पडली. उभ्या खांबावर लाल नेहमी वर आणि हिरवा खाली असतो. ज्यांना हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत त्यांना त्यामुळे जागेवरून अर्थ कळतो.

लाल आणि हिरवा यांचा अर्थ पोरालाही सांगावा लागत नाही. सारा घोळ पिवळ्याचा आहे. तो ‘त्वरा करा’ असे सांगतो, हा सार्वत्रिक समज अगदी उलटा आहे. थांबण्याच्या रेघेपूर्वी सुरक्षितपणे थांबता येत असेल तर थांबावे, आणि इतके जवळ आलो असू की थांबणेच धोक्याचे, तर चौक पार करावा, एवढाच त्याचा अर्थ. ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे 11 मीटर जाते. दिवा बदललेला पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो, आणि कोरड्या रस्त्यावर गाडी पुरती थांबेपर्यंत आणखी बारा-तेरा मीटर लागतात. म्हणजे रेघ 10 मीटरवर असताना पिवळा लागला तर थांबू पाहणे व्यर्थ, आणि 40 मीटरवर असताना लागला तर पुढे जाणे चूक. कारण पिवळा तीन सेकंद राहिला असे धरले तरी गाडी तेवढ्यात 33 मीटरच जाईल आणि लाल दिव्यातच चौकात शिरेल. हा हिशेब चालकाने प्रत्येक वेळी मनात करावा असे नाही. चौक जवळ येताच वेग थोडा उतरविला की हिशेब आपोआप सुटतो. लुकलुकणारा पिवळा सावकाश जाण्यास सांगतो. लुकलुकणारा लाल मात्र आधी पूर्ण थांबावयास आणि मग पाहून निघावयास सांगतो. डावीकडे वळणे सदैव मोकळे असते, हाही एक लाडका गैरसमज आहे. तशी पाटी किंवा हिरवा बाण नसेल तर लाल दिव्याला थांबावे हेच बरे. चौकात पोलीस हाताने खूण करीत असेल तर दिव्यापेक्षा त्याचा हात श्रेष्ठ.

लाल दिवा ओलांडणे 2019 च्या दुरुस्तीपासून धोकादायक वाहनचालनात स्पष्टपणे गणले जाते, आणि पहिल्याच अपराधाला 1000 ते 5000 रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दंडाच्या जोडीला गमतीचेही प्रयोग झाले. मुंबईत 2020 च्या आरंभी एका प्रयोगाची फार चर्चा झाली. काही चौकांत हॉर्नचा गोंगाट 85 डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची उलटगणती पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. त्याच वर्षी दादरच्या परिसरातील पादचारी दिव्यांत पुरुषाच्या जागी स्त्रीची आकृती आली. बंगळुरूने 2022 मध्ये काही चौकांतील लाल दिव्याला हृदयाचा आकार दिला. यांतील पहिला प्रयोग चातुर्याचा होता यात शंका नाही. तिसऱ्याविषयी मात्र असे वाटते की ज्या खुणेचे सामर्थ्य तिच्या सारखेपणात आहे, तिला अलंकार न घालणेच उत्तम.

आता सर्जापूर रोडवरील नवख्याची खरी कसोटी. जून ते ऑक्टोबर या महिन्यांत संध्याकाळच्या पावसात कचेऱ्या सुटतात, आणि दिवसा ठळक दिसणाऱ्या रेघा नाहीशा होतात. रेघांच्या रंगात काचेचे बारीक मणी मिसळलेले असतात. गाडीचा प्रकाश त्या मण्यांत शिरून पुन्हा चालकाच्याच दिशेने परततो, म्हणून रात्री रेघ उजळते. पाण्याचा थर मण्यांवर चढला की प्रकाश वरच्या वरच निसटतो आणि रेघ विझते. रस्त्यात बसविलेल्या चमकत्या खुंट्या पाण्याच्या थोड्या वर राहतात, म्हणून त्या वेळी त्यांचाच आधार. आणि जेथे रस्ता नुकताच खणून बुजविला आहे, जेथे नव्या डांबरावर अजून रेघच उमटलेली नाही, तेथे? या महानगरात असे तुकडे वर्षभर भेटतात. देशात 2022 या एका वर्षात रस्ते-अपघातांत 1,68,491 माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी कित्येकांच्या वाट्याला अशीच बिनरेघांची वाट आली असेल.

अशा ठिकाणी चालकाने रेघ आहे असे धरून चालावयाचे असते. आपल्या डाव्या अंगाचा अर्धा रस्ता तेवढा आपला. पुढचे दिसत नसेल तेथे मधली रेघ अखंडच आहे असे समजून ती ओलांडावयाची नाही. चौकाच्या तोंडाशी, पट्टे नसले तरी, माणसे जेथून ओलांडीत असतात त्याच्या अलीकडे थांबावयाचे. मागचा दुचाकीवाला हॉर्न वाजवील, उजवीकडून एखादी टॅक्सी रिकाम्या जागेत घुसेल, आणि गाडीच्या पुढच्या-मागच्या बाजूला लावलेले पांढऱ्या चौकोनातील लाल ‘एल’ हे अक्षर पाहूनही कोणी थांबणार नाही. तरी शिकाऊ चालकाने आपल्या जागी उभे राहावे. दिवा हिरवा झाल्यावरही आधी उजवीकडे, मग डावीकडे पाहावे, चौकात कोणी अडकलेले नाही याची खात्री करावी, आणि मग क्लच सोडावा.