अडगळीच्या खोलीतले कंपायलर

जुलै २०२५. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात अडगळीची खोली आवरताना एक जुनी चुंबकीय टेप हाती लागली. वर पेनाने लिहिलेलं लेबल : युनिक्स, बेल लॅब्जकडून आलेली मूळ प्रत, चौथी आवृत्ती. बातमी फुटली आणि जगभरच्या जुन्या कोडच्या शोधकांची झोपच उडाली. १९७३ ची ही आवृत्ती, युनिक्सचा कर्नल पहिल्यांदा सी भाषेत आला तो हिच्यात. मॅन्युअल शिल्लक होतं, इकडेतिकडे काही तुकडे होते, पण पूर्ण कोड कुणाकडेच नव्हता.

टेप कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमकडे गेली आणि डिसेंबरमध्ये वाचून झाली. पन्नास वर्षांपूर्वीची टेप नेहमीच्या ड्राइव्हला लावून वाचण्याचं धाडस कुणी करत नाही. टेप हेडवरून जाताना जो कमजोर विद्युत संकेत उठतो, तोच आधी मोठा करून जसाच्या तसा टिपून घेतात. मग त्या लाटांमधून शून्य कुठलं आणि एक कुठला हे सॉफ्टवेअर शोधतं. अंदाज चुकला तर टेपला पुन्हा हात लावावा लागत नाही, टिपलेल्या लाटा पुन्हा चाळायच्या. टेपवरचा माल चाळीसेक मेगाबाइटचा, आणि तो काढायला शंभरएक गिगाबाइट मेमरीची तयारी! काही दिवसांत हौशी मंडळींनी ते युनिक्स एम्युलेटरवर चालूही केलं.

रिचींच्या टेपा

सी भाषेचे जनक डेनिस रिची यांनी स्वतःच्या काही डेकटेप जपून ठेवल्या होत्या. त्या वाचणारा ड्राइव्ह मिळणंही पुढे दुरापास्त झालं. पॉल व्हिक्सी आणि कीथ बॉस्टिक यांनी असा एक ड्राइव्ह पैदा केला, व्हॅक्स संगणकाला जोडला आणि फिकट होत चाललेला मजकूर उतरवून घेतला. त्यातून १९७२-७३ च्या सुमाराचे सीचे दोन कंपायलर बाहेर आले. त्यातला एक तर सीमध्ये ‘स्ट्रक्ट’ येण्याच्याही आधीचा! आज इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची मुलं जे घोकतात, तेच त्या भाषेत अजून जन्माला आलेलं नाही.

या कोडमध्ये ‘वेस्ट’ नावाचं एक फंक्शन आहे. त्याच्या आत काय? वेस्ट, कंसात वेस्ट, त्याच्याही कंसात वेस्ट, ओळींमागून ओळी. काम शून्य. ते कधी बोलावलंच जात नाही, नुसती जागा अडवून बसतं. डेटा ठेवायला मेमरीत जागा हवी आणि ती मिळवण्याचा नीट मार्ग अजून तयार नाही, म्हणून रिचींनी निरुपयोगी कोडचा ढीग रचला आणि वेळ आली की त्याच्यावरच डेटा लिहायचा, अशी सोय केली. कुठल्याही पाठ्यपुस्तकात हे सापडणार नाही. माणूस कशाशी झटत होता, हे दिसतं ते सोर्स कोडमध्येच. म्हणून चालू प्रोग्रॅम जपला की भागलं, हे म्हणणं मला मुळीच पटत नाही.

कुणी मागितलाच नाही

माझा सगळ्यात लाडका किस्सा युनिक्सचे सहनिर्माते केन थॉम्प्सन यांचा. ट्युरिंग पुरस्काराचं त्यांचं भाषण १९८४ मध्ये छापून आलं आणि संगणक सुरक्षेवाल्यांना घाम फुटला. त्यांनी दाखवलेली युक्ती अशी : कंपायलरमध्ये असा कोड पेरायचा, की लॉगिनचा प्रोग्रॅम समोर आला की त्यात गुपचूप चोरदरवाजा बसवायचा. आणि समोर खुद्द कंपायलरचा सोर्स आला, तर हा पेरलेला कोड नव्या कंपायलरमध्येही उतरवायचा. एकदा हे साधलं की सोर्समधून ती करामत पुसून टाका. आता सोर्स कितीही बारकाईने वाचा, तो स्वच्छच दिसणार. खोट फक्त चालू कंपायलरच्या पोटात, आणि तिथून ती पिढ्यान्‌पिढ्या पुढे जाणार.

हा कोड कुठे आहे, यावर जवळजवळ चाळीस वर्षं नुसती चर्चा झाली. मार्च २०२३ मध्ये एका जाहीर कार्यक्रमात विषय निघाला, तेव्हा थॉम्प्सन यांच्या बोलण्यात आलं की कोड आहे, पण तो त्यांच्याकडे कुणी मागितलेलाच नाही. रस कॉक्स या प्रोग्रॅमरने सरळ ईमेल केली आणि मागितला! उत्तर आणखी गमतीचं : युनिक्स हेरिटेज सोसायटीच्या संग्रहात तो आधीपासून सर्वांसाठी खुला पडून होता, ‘एनआयएच’ या तीन अक्षरी नावाच्या फाइलीत. सगळा मिळून ९९ ओळींचा प्रोग्रॅम आणि २० ओळींची एक स्क्रिप्ट. कॉक्स यांनी तो ऑक्टोबर २०२३ मध्ये ओळीओळीचा अर्थ लावून प्रसिद्ध केला. संग्रहात असणं वेगळं आणि कुणीतरी उघडून वाचणं वेगळं. जपणुकीइतकंच वाचकाचंही मोल आहे.

थॉम्प्सन यांचीच आणखी एक गंमत. बीएसडी युनिक्सच्या जुन्या सोर्समध्ये त्या काळच्या दिग्गजांच्या पासवर्डांची सांकेतिक रूपं तशीच राहून गेली होती. बाकीचे बरेच पासवर्ड फुटले, थॉम्प्सन यांचा काही केल्या फुटेना. २०१९ मध्ये एका आधुनिक ग्राफिक्स कार्डाने चारेक दिवस घाम गाळून तो फोडला. निघाली बुद्धिबळातली चाल, जुन्या पद्धतीने लिहिलेली : वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे. हे तेच थॉम्प्सन, ज्यांच्या ‘बेल’ या यंत्राने १९८० मध्ये संगणकांची जागतिक बुद्धिबळ स्पर्धा जिंकली होती.

बेसिकचे कागद

मायक्रोसॉफ्टच्या पन्नाशीला, एप्रिल २०२५ मध्ये, बिल गेट्स यांनी आल्टेअर बेसिकच्या मूळ कोडची छापील पानं स्कॅन करून खुली केली. १५७ पानं! गेट्स, पॉल ॲलन आणि मॉन्टे डेव्हिडॉफ या तिघांचं काम. ते लिहिताना आल्टेअर संगणक त्यांच्या हाताशी नव्हताच. ॲलन यांनी हार्वर्डच्या पीडीपी-१० संगणकावर आल्टेअरच्या चिपची नक्कल करणारा प्रोग्रॅम लिहिला आणि बेसिक त्याच्यावर तयार झालं. पडद्यावरच्या फाइलीपेक्षा कागद जास्त टिकला, हे या क्षेत्रात वारंवार दिसतं. युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीचा कर्नलही २००८ मध्ये असाच जुन्या छापील पानांवरून पुन्हा उभा केला गेला.

त्याच मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये जीडब्ल्यू-बेसिकचा १९८३ चा सोर्स खुला केला. कोड मिळाला, पण तो बांधून चालता करायच्या स्क्रिप्ट त्यात नव्हत्या. मग हौशी लोकांनी जुने असेंब्लर धुंडाळले आणि कोड जागोजागी दुरुस्त करून पुन्हा उभा केला. सोर्स जपायचा तर ज्या अवजाराने तो घडतो तेही जपावं लागतं, आणि त्या अवजाराचं अवजारही.

काही दारं मात्र बंदच आहेत. अँडर्स हेल्सबर्ग यांच्या टर्बो पास्कलची ३.०२ ही आवृत्ती बघा : संपादक आणि कंपायलर मिळून ३९,७३१ बाइट. आज मोबाइलवरचा एक फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो. जुन्या आवृत्त्या चालवून बघायला पुढे फुकट मिळाल्या, कंपायलरचा मूळ सोर्स मात्र खुला झाला नाही. तो व्हायलाच हवा. आपल्याकडच्या कितीतरी जणांनी कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो पास्कलमध्येच पहिला प्रोग्रॅम लिहिला.

स्वालबार्डपासून झ आणि णपर्यंत

गिटहबने २ फेब्रुवारी २०२० रोजीच्या खुल्या कोडची प्रत १८६ फिल्म-रिळांवर उतरवून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या बंद पडलेल्या कोळसा खाणीत ठेवली आहे, हजार वर्षं टिकावी म्हणून. पॅरिसची ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ ही संस्था २०१६ पासून जगभरचा सोर्स गोळा करते आहे.

मराठी वाचकाने पाहावा असा एक जुना सोर्स टेक (TeX) या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरच्या संग्रहात आजही मिळतो. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठात १९९१ मध्ये फ्रान्स वेल्थुइस यांनी टेकमधून देवनागरी छापण्यासाठी फाँट आणि सीमध्ये लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम तयार केला. रोमन अक्षरांत टंकायचं, तो त्याचं देवनागरी करणार. त्या संचात अ, झ, ण यांची दोन वळणं आहेत, आणि मराठी पुस्तकांतल्या ओळखीच्या वळणाचं नाव आहे ‘बॉम्बे’.