दुखणे एकाचे, हिशेब घराचा

कामुर्लीच्या धक्क्यावरून फेरीबोटीने शापोरा नदी ओलांडली की पलीकडच्या काठाला तुये गाव लागते. हा पेडणे महाल १७८८ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेला. परंतु भजन, दशावतार आणि पाहुण्याला पानाचे तबक पुढे करण्याची रीत मात्र दोन्ही बाजूंना एकच राहिली. काही वर्षांपूर्वी तेथील एका स्नेह्यांच्या घरी भजनाच्या निमित्ताने जाण्याचा योग आला, त्यावेळची ही गोष्ट.

भजन आटोपले, मंडळी सोप्यावर टेकली आणि रिवाजाप्रमाणे तबक आले. पाने, चुना, सुपारी आणि एका कडेला तंबाखूची डबी. मी हात पुढे करणार, तोच दारात उभ्या असलेल्या घरच्या माई मुलाला म्हणाल्या, “बाबू, ती डबी आत ने आधी.” सारेच चपापले. पाहुण्यांपुढचे तबक उचलणे ही काही साधी गोष्ट नव्हे.

मग माईंनी जे सांगितले ते आजही माझ्या कानांत आहे. त्यांच्या स्तनात गाठ झाली होती आणि ती त्यांनी आठ महिने कोणालाही सांगितली नव्हती. “भीती मरणाची नव्हती हो,” त्या म्हणाल्या, “शस्त्रक्रियेनंतर रोज किरणे घ्यायला जावे लागते असे ऐकले होते. मग गाईचे कोण बघील, नातवंडांना कोण जेवू घालील?” पुढे उपचार झाले. पण त्यांच्या मनात राहिला तो डॉक्टरांचा पहिला प्रश्न. गाठीविषयी विचारण्याआधी त्यांनी विचारले होते, “घरी कोण कोण आहे? येणार कशा? सोबत कोण?” आणि तंबाखूची डबी? “तिथल्या बाकांवर माझ्या बाबूपेक्षा तरण्या पोरांची तोंडे मी पाहिली,” एवढेच सांगून माई आत गेल्या.

कर्करोगाच्या डॉक्टरचे काम शस्त्रक्रियेच्या टेबलापुरते असते, अशी माझी त्या दिवसापर्यंत समजूत होती. वस्तुतः त्याला रोग्याच्या घराचाही हिशेब मांडावा लागतो. याचे उदाहरण शोधू गेल्यास गोव्यातच सापडते, आणि तेही एकाच घरात.

डॉ. शरद वैद्य हे गोव्यातील कर्करोग-शल्यचिकित्सक. तंबाखूने पोखरलेली तोंडे कापून काढणाऱ्या हातांना, हे काम आपण उशिरा करतो आहोत, ही जाणीव फार लवकर होत असली पाहिजे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९४१ पासून काम केलेल्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी कर्करोगाचा संबंध माणसांच्या सवयींशी आणि चालीरीतींशी असल्याचे केव्हाच दाखवून दिले होते. वैद्यांनी तोच धागा समाजात नेला. तंबाखू निर्मूलनासाठी त्यांनी राष्ट्रीय पातळीवरची संघटना उभी केली. सार्वजनिक जागी धूम्रपान करण्यास व थुंकण्यास बंदी घालणारा आणि तंबाखूच्या जाहिरातींना आवर घालणारा गोव्याचा १९९७ चा कायदा या चळवळीचेच फळ होय. देशव्यापी कायदा त्यानंतर सहा वर्षांनी, २००३ मध्ये आला.

सिगारेट कंपनीने पुरस्कृत केलेले क्रिकेटचे सामने पाहून शाळकरी मुले तंबाखूकडे वळतात काय, याचा अभ्यास त्यांनी गोव्यातील मुलांमध्ये केला. तो १९९६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर तीन नावे आहेत, आणि त्यांतले एक त्यांचे चिरंजीव जयंत यांचे.

हे डॉ. जयंत वैद्य पुढे लंडनला गेले आणि स्तनाच्या कर्करोगाचे शल्यचिकित्सक झाले. तेथे मायकेल बॉम व जेफ्री टोबायस या ज्येष्ठांसह त्यांनी एक निराळी पद्धत बसवली. गाठ काढल्यावर आठवड्यातून पाच दिवस, असे तीन ते सहा आठवडे किरणे देण्याऐवजी, शस्त्रक्रिया चालू असतानाच गाठीच्या जागी अर्ध्या तासात एकदाच किरणे द्यावयाची. पहिली रुग्ण १९९८ च्या जुलैत झाली. त्याच वर्षी जानेवारीत कोकण रेल्वे सर्वत्र सुरू होऊन पेडण्याहून मुंबई जवळ आली होती. २००० ते २०१२ या काळात १० देशांतील २२९८ स्त्रियांवर या पद्धतीची तुलनात्मक चाचणी झाली आणि निवडक, लवकर सापडलेल्या रुग्णांत ती नेहमीच्या उपचारांच्या तोडीची ठरल्याचे त्यांनी मांडले. तज्ज्ञांत यावर कडक वाद झाले. ही पद्धत सरसकट सर्वांना लागू नव्हे, हेही खरे. तथापि माईंची गाई-नातवंडांची चिंता शास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत बसली, हे मला मोठे वाटते.

माझे वडील दरबारचे गवई होते. त्यांची तालीम मला मिळाली, पण ते गात तसे मी गाऊ लागलो असतो तर त्यांनीच तंबोरा खाली ठेवला असता. मुलाने वडिलांचा स्वर घ्यावा, नक्कल घेऊ नये, असे ते म्हणत. वैद्य पितापुत्रांचे काम पाहताना ते शब्द आठवतात. वडील रोग दारातच अडवू पाहत होते. मुलगा दारातून आत आलेल्या रोगाचा मुक्काम कमी करू पाहतो. रोगी मात्र दोघांनाही घरासकट दिसला.

आणि आम्ही गाणारे? बैठकीत डबा फिरला नाही तर रंग भरत नाही, असे आम्हीच पसरवले. नुसती सुपारीही निर्दोष नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सांगितले आहे. ज्या गळ्याला जन्मभर जपावयाचे, त्याच्याच उंबऱ्यावर आम्ही हा पाहुणा आणून बसवला.

तुयेहून परतल्यावर माझ्या वर्गातले तबक मी टाकले नाही; ते वडिलांच्या वेळचे आहे. त्यात आता बडीशेप आणि वेलदोडे असतात. जुने श्रोते कुरकुरतात, “मास्तर, ही काय बैठक?” म्हणतात. त्यांना मी माईंची हकीकत सांगतो. काही जण ऐकून घेतात. काही जण बडीशेप तोंडात टाकून बाहेर पायरीवर जातात, आणि परत येतात तेव्हा गाल फुगलेला असतो. अशा वेळी मीही आता विचारतो, “घरी कोण कोण आहे?”