लिद्दा आणि लोद: एका गावाची दोन वतने

वऱ्हाडात ‘वतन’ हा शब्द दोन वाटांनी आलेला आहे. मराठी दप्तरात वतन म्हणजे पाटीलकी-देशमुखीसारखा पिढीजात हक्क, त्या हक्काला जोडलेली जमीन आणि तिच्या मागून येणारा मानपान. उर्दूत वतन म्हणजे जन्मभूमी, जिच्याशी असलेले नाते कागद असो वा नसो तुटत नाही. बार्शीटाकळीसारख्या गावात, जिथे या दोन्ही भाषा शेजारी शेजारी बोलल्या जातात, तिथे हे दोन अर्थ एकाच चौकात नांदतात आणि एकाचा दुसऱ्याला अडथळा होत नाही. पॅलेस्टाइनच्या भूमीत मात्र ते गेली शंभराहून अधिक वर्षे एकमेकांवर उठलेले आहेत, कारण तेथील दोन्ही समाज त्याच भूमीला दोन्ही अर्थांनी आपले वतन मानतात. हा संघर्ष समजून घ्यायचा तर सगळा इतिहास एकदम उचलण्यापेक्षा एकच गाव धरणे सोयीचे पडते. तेल अवीवपासून जवळच, आग्नेयेला एक गाव आहे, ज्याला अरबीत अल-लिद्द, इंग्रजी अमदानीच्या कागदांत लिद्दा आणि हिब्रूत लोद म्हणतात. मराठी वाचकाला ते अगदीच परके नाही, कारण कोकणातून गेलेल्या काही कुटुंबांची मराठी तिथल्या घरांत पोहोचलेली आहे.

ती नेणारे लोक म्हणजे बेने इस्राएल. आजच्या रायगड जिल्ह्यात शतकानुशतके राहिलेला हा ज्यू समाज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचलेल्या सात जोडप्यांना आपले पूर्वज मानतो. तेलाचे घाणे चालवणारे, पण शनिवारी, म्हणजे ज्यू धर्मातील ‘शब्बाथ’ या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवणारे म्हणून शेजारीपाजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत, आणि गावावरून पडलेली पेणकर, रोहेकर, किहिमकर, नवगावकर ही त्यांची आडनावे इतर कोकणी आडनावांत सहज मिसळून जात. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी मुंबईच्या मांडवी भागात या समाजाचे पहिले सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, उभारले. इथे ज्यू म्हणून त्यांचा छळ झाला नाही, ही गोष्ट पुढच्या सगळ्या कथनात ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १८९७ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे जी पहिली झायोनवादी परिषद भरली, तिचे निमंत्रण या समाजालाही आले होते. पूर्वजांच्या भूमीकडे परतणे ईश्वराच्या हातचे आहे, माणसांनी परिषदा भरवून ते घडवायचे नसते, या विचाराने त्यांनी ते नाकारले.

युरोपातील ज्यूंना असा निवांतपणा परवडणारा नव्हता. झायोन ही जेरुसलेममधील टेकडी. तिच्या नावाने चालणारा झायोनवाद म्हणजे ज्यू हा केवळ धर्मसमुदाय नसून एक राष्ट्र आहे व त्याला आपल्या प्राचीन भूमीत स्वतःचे राज्य हवे, असे मानणारी चळवळ. रशियन साम्राज्यात १८८१ पासून ज्यूंच्या वस्त्यांवर झालेले हल्ले आणि फ्रान्ससारख्या पुढारलेल्या देशात ड्रायफस या ज्यू अधिकाऱ्यावर १८९४ मध्ये रचलेला देशद्रोहाचा खोटा खटला, यांतून थिओडोर हर्झलसारख्यांनी निष्कर्ष काढला की दुसऱ्याच्या देशात समान नागरिक होण्याचे आश्वासन कधीही मोडू शकते. नाझी जर्मनीने सुमारे ६० लाख ज्यूंची कत्तल केल्यावर हा निष्कर्ष वादाचा उरला नाही. वाचलेल्यांना जगातील बहुतेक देशांनी दारे किलकिलीच ठेवली होती, आणि रोजच्या प्रार्थनेत ज्या भूमीचे नाव येते ती भूमी त्यांना परकी वाटणे शक्यच नव्हते.

पण ती भूमी रिकामी नव्हती. ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांनी २ नोव्हेंबर १९१७ च्या पत्रात पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंसाठी ‘राष्ट्रीय निवासस्थान’ उभारण्यास पाठिंबा दिला, तेव्हा तिथे जवळपास नऊ दशांश वस्ती अरबांची होती आणि पत्रात त्यांचा उल्लेख ‘ज्यूंखेरीजचे समाज’ एवढाच आला. १९२२ च्या जनगणनेत सुमारे ७ लाख ५७ हजार लोकसंख्येपैकी ज्यू सुमारे ८४ हजार होते. आपल्या भवितव्याचा करार आपल्याला न विचारता लंडनमध्ये झाला, ही पॅलेस्टिनी अरबांची पहिली तक्रार आहे आणि तिचे खंडन करणे अवघड आहे.

दुसरी तक्रार जमिनीची, आणि ती विदर्भातील शेतकऱ्याला समजावून सांगावी लागणार नाही. तेव्हा पॅलेस्टाइनवर राज्य करणाऱ्या ऑटोमन (तुर्की) सरकारच्या १८५८ च्या जमीन कायद्याने जमिनींची नोंदणी सुरू झाली. करवसुली आणि लष्करभरती यांच्या धास्तीने अनेक कसणाऱ्यांनी नोंदणी टाळली व मोठमोठे पट्टे बैरुतसारख्या शहरांतील सावकार-व्यापाऱ्यांच्या नावे लागले. अशा घराण्यांपैकी सुरसुक घराण्याने इझ्रेल खोऱ्यातील गावेच्या गावे ज्यू संस्थांना रीतसर, किंमत घेऊन विकली. कागदावर व्यवहार स्वच्छ होता. उठावे मात्र कुळांना लागले, ज्यांची वहिवाट होती पण नाव नव्हते. विदर्भासाठी १९५८ मध्ये वेगळा कूळकायदा करावा लागला तो नेमकी ही दरी बुजवण्यासाठी. पॅलेस्टाइनमध्ये ती बुजली नाही. म्हणूनच ‘आम्ही जमीन विकत घेतली’ हे ज्यूंचे म्हणणे आणि ‘आमची जमीन गेली’ हे अरबांचे म्हणणे, ही दोन्ही एकाच शिवाराबद्दल एकाच वेळी खरी असू शकतात.

या वादाचे पडसाद विदर्भाच्या आसपासही उमटले. पहिल्या महायुद्धानंतर तुर्की सुलतानाचे खलिफापद आणि जेरुसलेमसह इस्लामची पवित्र स्थळे मुस्लिम सत्तेखाली राहावीत, यासाठी भारतात खिलाफत चळवळ उभी राहिली. तिचे नेते मोहम्मद अली आणि शौकत अली यांना सरकारने युद्धकाळात अमरावती जिल्ह्याला लागून असलेल्या छिंदवाड्यात स्थानबद्ध ठेवले होते. मोहम्मद अली १९३१ च्या जानेवारीत गोलमेज परिषदेच्या काळात लंडनमध्ये वारले आणि त्यांचे दफन जेरुसलेममध्ये, हरम-अल-शरीफ या मशिदींच्या पवित्र परिसराला लागून झाले. त्याच वर्षी शेवटचा खलिफा अब्दुल मजीद याची कन्या दुर्रुशेवार हैदराबादच्या निजामाच्या थोरल्या मुलाला दिली गेली, आणि पुढे तिला जो किताब लाभला तो होता ‘प्रिन्सेस ऑफ बेरार’, म्हणजे वऱ्हाडची युवराज्ञी! वऱ्हाड प्रत्यक्षात इंग्रजांच्या ताब्यात होते, निजामाकडे त्याचे नाव तेवढे उरले होते. वतनाचा हाही एक प्रकार. महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहू लागले होते त्या काळात, नोव्हेंबर १९३८ मध्ये, त्यांनी ‘हरिजन’मध्ये ज्यूंच्या छळाबद्दल सहानुभूती दाखवून पॅलेस्टाइन मात्र अरबांचे असल्याचे मत मांडले आणि जर्मनीतील ज्यूंना सत्याग्रहाचा सल्ला दिला. जर्मनी सोडून जेरुसलेमला आलेले तत्त्वज्ञ मार्टिन बुबर यांनी त्यांना जे दीर्घ उत्तर लिहिले, ते वाचल्यावर सत्याग्रह कोणत्या सत्तेपुढे चालतो, हा प्रश्न पाठ सोडत नाही.

संयुक्त राष्ट्रसंघाने २९ नोव्हेंबर १९४७ रोजी पॅलेस्टाइनची ज्यू व अरब अशा दोन राज्यांत फाळणी करण्याचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी मंजूर केला. भारताचे मत विरोधात पडले. एक तृतीयांश लोकसंख्येच्या ज्यूंना निम्म्याहून अधिक भूमी देणारी ही योजना ज्यू नेतृत्वाने स्वीकारली आणि अरबांनी फेटाळली. लिद्दा त्या योजनेत अरब राज्यात होते. लगोलग यादवी पेटली. ९ एप्रिल १९४८ रोजी देर यासीन या अरब गावात ज्यू सशस्त्र गटांनी शंभराहून अधिक लोक मारले, आणि चारच दिवसांनी अरबांनी हदासा रुग्णालयाकडे निघालेल्या वाहनांवर हल्ला करून ७८ जणांना, बहुतांशी डॉक्टर, परिचारिका व कर्मचाऱ्यांना, ठार केले. १४ मे रोजी इस्रायलची घोषणा झाली आणि शेजारच्या अरब देशांच्या सेना आत शिरल्या. जुलैमध्ये इस्रायली सैन्याने लिद्दा आणि शेजारचे रामला घेतले. लिद्दामध्ये झालेल्या गोळीबारात, इस्रायली लष्कराच्याच त्या वेळच्या हिशेबाने, सुमारे २५० लोक मेले. त्यानंतर रहिवाशांना बाहेर काढण्याच्या आदेशावर ज्या तरुण अधिकाऱ्याची सही झाली, त्याचे नाव यित्झाक राबिन. दोन्ही गावांतील ५० हजारांहून अधिक माणसे भर उन्हाळ्यात रामल्ला या दुसऱ्याच गावाच्या दिशेने पायी निघाली; तहानेने कित्येक वाटेतच गेले. त्या दिवसांत लिद्दामध्ये जखमींवर उपचार करणारा जॉर्ज हबश नावाचा वैद्यकीय विद्यार्थीही, गावातल्या एका ख्रिस्ती घरातला, बेघर झाला.

त्या युद्धात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी विस्थापित झाले. इस्रायलमध्ये १९४८ हे स्वातंत्र्याचे वर्ष आहे, पॅलेस्टिनींमध्ये ते ‘नकबा’चे, म्हणजे महाआपत्तीचे. परंतु त्यानंतरच्या काळात इराक, येमेन, इजिप्त, मोरोक्को अशा देशांतून लाखो ज्यूही घरेदारे टाकून आले, ही बाजू अरब कथनात बहुधा गाळली जाते. बगदादमध्ये १९४१ साली ‘फरहूद’ नावाच्या दंगलीत जवळपास १८० ज्यू मारले गेले होते, आणि १९५०-५१ मध्ये तिथला अडीच हजार वर्षांचा समाज विमानांनी जवळजवळ संपूर्ण उचलून इस्रायलमध्ये आणावा लागला. लिद्दाच्या रिकाम्या घरांत येऊन राहिलेल्यांत असे निर्वासितच पुष्कळ होते. फाळणीच्या निर्वासितांचा अकोल्यातील सिंधी कॅम्प ठाऊक असलेल्या वाचकाला या व्यवहाराचे स्वरूप लगेच कळेल. एकाचे सुटलेले घर दुसऱ्या बेघराला मिळते आणि दोघांपैकी कोणीही मुळात गुन्हेगार नसतो.

सारखेपणा इथे संपतो. १९५० मध्ये इस्रायलने दोन कायदे केले. ‘परतीचा कायदा’ जगातील कोणत्याही ज्यूला तिथे येऊन स्थायिक होण्याचा हक्क देतो; ‘गैरहजरांच्या मालमत्तेचा कायदा’ युद्धकाळात आपले गाव सोडून गेलेल्यांची घरे-जमिनी सरकारी अभिरक्षकाकडे सोपवतो. इतकेच काय, जे अरब पळून शेजारच्याच गावी गेले व पुढे इस्रायलचे नागरिक झाले, तेही या कायद्याने गैरहजर ठरले आणि ‘हजर गैरहजर’ अशी त्यांची एक अजब जातच तयार झाली. माणूस समोर उभा आहे आणि दप्तरात मात्र त्याच्या नावापुढे गैरहजर लिहिलेले आहे, याहून वतनाच्या दोन अर्थांची फारकत अधिक स्पष्ट काय व्हायची? निर्वासितांना परतू द्यावे असा संयुक्त राष्ट्रसंघाचा डिसेंबर १९४८ चा १९४ क्रमांकाचा ठराव आहे. तो अमलात आला नाही. इस्रायलचा युक्तिवाद असा की आज वंशजांसह सुमारे ५९ लाख नोंदणीकृत निर्वासित परतले तर ज्यूंचे जगातील एकमेव राज्य मतपेटीतून संपेल. ही भीती खोटी नाही. फक्त तिची किंमत ज्यांनी युरोपातील कत्तल केली नव्हती त्यांनी मोजली.

याच परतीच्या कायद्याने बेने इस्राएल गेले. ते कोणाच्या भीतीने गेले नव्हते. काहींना धर्माची ओढ होती, काहींना नव्या देशाची. तिथे रंगावरून आणि चालीरीतींवरून हेटाळणी झाल्याची तक्रार करत त्यांच्यातील काहींनी तेल अवीवमध्ये धरणे धरले, आणि १९५२ मध्ये शंभराहून अधिक लोक भारतात परतले. परतता आले हे त्यांचे भाग्य. पुढे त्यांतले अनेक पुन्हा इस्रायलला गेले. १९६० च्या दशकात मुख्य धर्मपीठाने त्यांच्या लग्नांपूर्वी वंशाची चौकशी मागितली, तेव्हा ज्यू म्हणून हक्काने आलेल्यांना आपले ज्यूपण सिद्ध करण्याची पाळी आली. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये झालेल्या निदर्शनांनंतर आणि संसदेच्या हस्तक्षेपानंतर तो नियम बदलला. इस्रायल म्हणजे एकसंध, एकमुखी समाज अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी हे प्रकरण मुद्दाम लक्षात घ्यावे.

लिद्दाच्या त्या प्रसंगातील दोन माणसांच्या, राबिन आणि हबश यांच्या, वाटा पुढे कशा गेल्या, यात उरलेला इतिहास बराचसा येतो. १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने जॉर्डन नदीचा पश्चिम किनारा, गाझा आणि पूर्व जेरुसलेम व्यापले. त्याच वर्षी हबशने ‘पॉप्युलर फ्रंट’ ही सशस्त्र संघटना काढली, जिच्यासाठी जपानी हल्लेखोरांनी १९७२ मध्ये लोदच्याच विमानतळावर २६ जण मारले, आणि त्यांत बहुसंख्य प्वेर्तो रिकोहून आलेले ख्रिस्ती यात्रेकरू होते. राबिन पंतप्रधान झाले, १९९३ मध्ये त्यांनी पॅलेस्टिनी नेते यासर अराफात यांच्याशी ओस्लो करार केला, ज्यात दोन्ही बाजूंनी प्रथमच एकमेकांना मान्यता दिली. हबशने करार धिक्कारला, आणि ४ नोव्हेंबर १९९५ रोजी एका ज्यू अतिरेक्याने राबिन यांचा खून केला. दरम्यान हेब्रॉनच्या मशिदीत व्यापलेल्या भूमीवर उभ्या राहिलेल्या ज्यू वसाहतींतील एकाने २९ नमाज्यांना गोळ्या घातल्या होत्या आणि हमास या पॅलेस्टिनी इस्लामी संघटनेचे आत्मघातकी स्फोट इस्रायली बसमध्ये होऊ लागले होते. वसाहती वाढत राहिल्या. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने सुमारे १,२०० माणसे मारली व २५१ जणांना ओलीस नेले. त्यानंतरच्या इस्रायली कारवाईत जुलै २०२५ अखेरपर्यंत ६० हजारांहून अधिक मृत्यू झाल्याचे गाझाच्या आरोग्य मंत्रालयाने नोंदवले. दोन्ही बाजू समजून घेणे याचा अर्थ तराजूची पारडी जबरदस्तीने समान धरणे असा होत नाही: सैन्य, सीमा आणि पाणी एका बाजूच्या हाती आहे, हे वजनात धरावेच लागते, आणि ७ ऑक्टोबरला घराघरांत शिरून केलेल्या हत्यांचे समर्थन त्या वजनातून निघत नाही.

लोद आज ज्यू-अरब मिश्र वस्तीचे शहर आहे. मे २०२१ मध्ये तिथल्या शेजाऱ्यांनी एकमेकांची घरे, सिनेगॉगे आणि मोटारी जाळल्या. इस्रायलमध्ये गेलेली बेने इस्राएल कुटुंबे पेणकर, रोहेकर ही आडनावे सोबत घेऊन गेली, कारण मराठीत गाव सुटले तरी गावाचा ‘कर’ सुटत नाही. अरबीत हेच काम ‘वी’ हा प्रत्यय करतो. रामल्लाजवळच्या अल-अमारी छावणीत लोद आणि रामल्यातून निघालेल्यांची नातवंडे-पतवंडे राहतात. तिकडच्या आडनावांत लिद्दावी सापडतात, रमलावीही सापडतात.